नातवंडांच्या भेटीबाबत वकिली सल्ला: पुण्यातील एका कार्यालयाचा अनुभव

मुलाच्या घटस्फोटानंतर आईकडे राहणाऱ्या नातीची भेट व्हावी, म्हणून आम्ही उभयतांनी कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या एका वकीलबाईंचा सल्ला घेतला. आजी-आजोबांना भेटीचा स्वतंत्र हक्क देणारे कलम हिंदू कायद्यात नाही, हे त्यांनी फी घेण्यापूर्वीच स्पष्ट केले, आणि माझ्या मते हाच या सेवेचा सर्वांत मोठा गुण आहे. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली अर्ज करता येतो, परंतु तेथेही निकष बालकाच्या हिताचाच असतो. कोविडमध्ये आईवडील गमावलेल्या मुलाचा ताबा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आजी-आजोबांना दिला होता. त्या निकालाची प्रत मी मोठ्या आशेने नेली होती, पण तेथे आईवडील दोघेही हयात नव्हते, हा फरक बाईंनी परिच्छेदावर बोट ठेवून दाखवला. त्याऐवजी नातीच्या भेटीसाठी आमच्या मुलाच्याच अर्जात दिवाळी व उन्हाळी सुटीतील काही दिवस आमच्या घरी, अशी मागणी स्वतंत्र परिच्छेदात घालावी, असे त्यांनी सुचवले व मसुदा वाचूनही दाखवला. कारकून मात्र फोन उचलत नाही, आणि झेरॉक्स, नोटरी यांचा खर्च वेगळा लावला जातो, तो आधीच विचारून घ्यावा.