बॅटल फॉर वेस्नॉथ: डावपेचांच्या चाहत्यांच्या नजरेतून सुटलेला खेळ

स्ट्रॅटेजी गेमचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा एज ऑफ एम्पायर्स आणि सिव्हिलायझेशन या दोन नावांभोवतीच फिरतात. दोन्ही खेळ मोठ्या योग्यतेचे आहेत, यात वाद नाही. परंतु या खेळांवर वर्षे घालवलेला चाहता ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ची चित्रे पाहून तो बाजूला सारतो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. डेव्हिड व्हाइट यांनी 2003 मध्ये सुरू केलेला हा खेळ पूर्णपणे मोफत आणि मुक्तस्रोत (ज्याचा प्रोग्राम कोणालाही पाहता-बदलता येतो असा) आहे, जुन्या लॅपटॉपवरही तो सुरळीत चालतो आणि स्वयंसेवकांनी तो आजपर्यंत वाढवत नेला आहे. मोफत आहे म्हणजे हलकाच असणार, हा समज त्याच्या वाटेतला पहिला अडसर आहे.

दुसरा अडसर सवयीचा आहे. शहरे वसवणे, शेती आणि खाणी वाढवणे, नवनवे शोध लावणे म्हणजेच स्ट्रॅटेजी, असे मनात पक्के बसलेल्या खेळाडूला येथे काहीच बांधायचे नसल्याने खेळ उथळ वाटतो. वेस्नॉथमध्ये सोने हाती येते, त्यातून सैनिक भरती होतात आणि उरलेला सगळा विचार षट्कोनी घरांच्या पटावर कोणाला कुठे आणि केव्हा उभे करायचे, याचाच असतो. यातला ‘केव्हा’ फार महत्त्वाचा आहे, कारण पटावर पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर असे सहा टर्नचे (खेळीच्या पाळ्यांचे) चक्र सतत फिरत राहते. ऑर्क या राक्षसी जमातीच्या ‘ग्रंट’ नावाच्या साध्या सैनिकाचा घाव, म्हणजे एका वारातली हानी, मुळात 9 ची असते. तोच दिवसा 7 वर उतरतो आणि रात्री 11 वर चढतो. माणसांच्या भालाईताचे नेमके उलटे घडते: त्याचा 7 चा घाव दिवसा 9 होतो आणि रात्री 5 वर येतो. त्यामुळे संध्याकाळ होताच गावात किंवा गढीत मागे सरून रात्र काढणे आणि उजाडताच पुढे येणे, हा येथला खरा डाव आहे. ऑर्क नदीच्या उथळ पाण्यात उभा असताना त्याला गाठले तर आपले घाव लागण्याची शक्यता 80 टक्के असते, हे कळल्यावर नकाशाकडे पाहण्याची नजरच बदलते.

बहुतेक जण खेळ सोडून देतात ते नशिबाला कंटाळून, आणि मला हेच सर्वांत गैरवाजवी वाटते. मोकळ्या मैदानातल्या ग्रंटवर भालाईताचे तीन वार होतात, प्रत्येक लागण्याची शक्यता 60 टक्के, आणि तिन्ही हुकतात. खेळाडू चिडतो. वास्तविक असे घडण्याची शक्यता 6.4 टक्के आहे, म्हणजे साधारण सोळा हल्ल्यांत एकदा ते होणारच. हल्ला करण्यापूर्वी खेळ ही सगळी गणिते समोर मांडतो. हुकल्यास मागे कोण उभे आहे, हे आधी ठरवणे आपले काम असते. शेवटचा घाव जादूगाराच्या हातून घालावा, हेही त्यातूनच सुचते, कारण जमीन कोणतीही असो, त्याचा वार लागण्याची शक्यता 70 टक्के राहते आणि शत्रूला ठार केल्यावर मिळणाऱ्या अनुभवातून तो पुढच्या लेव्हलला चढतो.

उणिवाही आहेत. संगणकाचा प्रतिस्पर्धी बरेचदा अविचाराने चालून येतो आणि मोठ्या मोहिमांतले (कथेत गुंफलेल्या लढायांच्या मालिकांतले) काही नकाशे लांबतात. माणसाविरुद्ध ऑनलाइन खेळताना यातली पहिली उणीव उरत नाही.

नव्याने येणाऱ्याने ‘द साउथ गार्ड’ या मोहिमेने सुरुवात करावी, अवघडपणा सर्वांत खालचा ठेवावा आणि पहिली रात्र पडेल तेव्हा आपला एकही भालाईत उघड्या मैदानात ठेवू नये.