क्रूझ कंट्रोल बंद पडलं, १४,५०० रुपये उकळले, आणि बिघाड होता ब्रेक स्विचचा

माझं माहेर नागपूर, त्यामुळे ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी शिर्डीपर्यंत सुरू झाला तेव्हापासून आम्ही त्याच रस्त्याने जातो, ५२० किलोमीटर जवळजवळ सरळ रस्ता, पाय अवघडतो म्हणून मी क्रूझ लावते, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता गाडी ठरवलेल्या वेगाने चालत राहते. पावसात आणि घाटात मात्र कधीच नाही, आणि पाय कायम ब्रेकजवळ, कारण आमचं साधं क्रूझ आहे, पुढची गाडी बघून ते आपोआप थांबत नाही.

मागच्या खेपेला जालन्याच्या पुढे क्रूझ लागेचना. डॅशबोर्डवर दिवा यायचा पण सेट दाबलं की काहीच नाही. नाशिकला आल्यावर एका चांगल्या चकचकीत गॅरेजमध्ये नेली. त्यांनी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला आणि म्हणाले, मॅडम, स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग गेलीय, एअरबॅगची वायर पण तिथूनच जाते, रिस्क घेऊ नका. मुलं सोबत असतात हो, एअरबॅग म्हटल्यावर मी घाबरलेच, लगेच हो म्हटलं. क्लॉक स्प्रिंग म्हणजे फिरत्या स्टिअरिंगवरच्या हॉर्न, एअरबॅग आणि क्रूझच्या बटणांना जोडणारी गुंडाळलेली वायर. खरं तर हॉर्न नीट वाजत होता, एअरबॅगचा दिवाही लागलेला नव्हता, क्लॉक स्प्रिंग गेली की बहुतेक वेळा आधी तेच बिघडतं, पण हे मला तेव्हा कुठे माहीत. जुना पार्ट मागितला तर "स्क्रॅपमध्ये टाकला". क्रूझ दोन दिवस चाललं, परत बंद.

आणि मग टोलवर मागच्या गाडीतले काका उतरून आले, "ताई, तुमचे ब्रेक लाईट लागत नाहीत, मी दोनदा ठोकता ठोकता वाचलोय." माझे हातपाय गार पडले. किती दिवस मी अशी गाडी चालवत होते कोण जाणे, आणि मुलं मागच्याच सीटवर.

घराजवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियन दादांनी मला गाडीमागे उभं केलं आणि हाताने पेडल दाबलं. एकदा लाईट लागला, पुढचे दोनदा नाही. त्यांनी समजावलं की ब्रेक पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो, त्यात दोन कॉन्टॅक्ट असतात, दोघांचा मेळ बसला नाही की कॉम्प्युटर क्रूझ लागूच देत नाही, कारण ब्रेक दाबल्यावर क्रूझ सुटेल याची त्याला खात्री नसते. म्हणजे गाडी स्वतःच सांगत होती की ब्रेकच्या सिग्नलमध्ये गडबड आहे. नवा स्विच ४५०, मजुरी २००, वीस मिनिटांचं काम.

माझ्या मुलाने पहिल्या गॅरेजात स्कॅनरचा फोटो काढून ठेवला होता, त्यात कोड होता पी०५७१. दादा बघताच म्हणाले, हा तर ब्रेक स्विचचाच कोड. म्हणजे पहिल्या गॅरेजवाल्यांना माहीत होतं! मग मीच हट्ट धरला, स्टिअरिंग उघडून दाखवा. दादांनी बॅटरी काढली, थोडा वेळ थांबले, एअरबॅग उतरवली. मधल्या नटवर कंपनीची पिवळ्या रंगाची रेघ होती, नट आणि शाफ्ट दोन्हींवरून सरळ गेलेली, जरासुद्धा तुटलेली नाही. तो नट काढल्याशिवाय क्लॉक स्प्रिंग बदलताच येत नाही, म्हणजे त्यांनी ती बदललीच नव्हती.

पैशापेक्षा मला राग याचा आहे की ब्रेक लाईटचा प्रश्न माहीत असून त्या गॅरेजवाल्यांनी मला तसंच रस्त्यावर जाऊ दिलं. स्कॅनरचा फोटो दाखवला तर तिथला मॅनेजर म्हणे स्कॅनर कधीकधी चुकीचं दाखवतो. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकलीय, बिल आणि स्कॅनरचा व त्या नटचा असे दोन्ही फोटो जोडलेत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, त्यामुळे इथून काही झालं नाही तर तिकडे जाणार आहे.