लांब जाळी की चौकोनी? वॉक-इन शॉवरच्या ड्रेनची आणि फरशीची पारख

शोरूममध्ये 24 इंची लिनिअर ड्रेन, म्हणजे लांब पट्टीसारखी जाळी, बघायला गेलात की 36 इंची दाखवतात, 'पाणी लवकर जातं' म्हणून. नाही जात. पाण्याचा वेग पट्टीच्या लांबीवर नाही, खालच्या आउटलेटवर ठरतो. ड्रेन उलटा करून बघा. तोंड तीन इंची असलं, तरी आत झुरळं अडवणारा कप बसवल्यावर पाण्याला वाट किती उरते? स्वस्त मॉडेलांत जेमतेम बोटभर फट असते. मोठा रेन शॉवर मिनिटाला 15-20 लिटर सोडतो. त्यात केस अडकले की पाच मिनिटांत घोट्यापाशी तळं.

शिवाय आपल्या फ्लॅटमध्ये खाली नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी साठवून वास अडवणारं भांडं, बहुधा असतोच. त्यातलं 50 मिमी पाणीच वास अडवतं. वरून पुन्हा पाण्याचा ट्रॅप असलेला ड्रेन घेतला, तर दोन पाण्यांच्या मधे हवा कोंडते आणि पाणी गुडगुड करत सावकाश उतरतं. नहाणी ट्रॅप चांगला असेल तर साधा, ट्रॅप नसलेला चॅनेल (ड्रेनची पन्हळ) आणि उचलून धुता येणारी केसांची टोपली पुरे. घर महिनाभर बंद ठेवणार असाल तर ट्रॅप सुकतो, एवढं लक्षात ठेवा.

लांब ड्रेनचे पैसे वसूल होतात ते ढाळात. भिंतीलगत बसवला की ढाळ एकाच बाजूला, 2×2 फुटी टाइल न कापता लागते. मधोमध चौकोनी जाळी असेल तर ढाळ चारही बाजूंनी हवा, म्हणजे मोठी टाइल तिरकी कापणं आलं. तिथे 1×1 फूट किंवा त्याहून लहानच घ्या. ढाळ 1:60 ठेवा: 3 फुटांना, म्हणजे 900 मिमीला, 15 मिमी. तो कोब्यातच काढून घ्यायचा. टाइलखाली चिकटवणीचा थर कमीजास्त करून ढाळ 'जमवला' की पोकळ जागा राहतात आणि टाइल तडकते. जाळी टाइलपेक्षा 2 मिमी खाली.

गळती बहुतेक वेळा टाइलमधून नाही, तर चॅनेलची नळी ट्रॅपच्या गळ्यात नुसत्या सिमेंटने बसवलेली असते तिथून होते. वॉटरप्रूफिंगचा कोट त्या गळ्यात उतरलाच पाहिजे. टाइल लावण्याआधी तोंड बंद करून 48 तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या घराचं छत बघून या.

फरशीत 'मॅट' म्हणजे 'अँटिस्किड' नव्हे. टाइलच्या घसरणीसाठी सांगतात ते R10, R11 हे आकडे बूट घालून, तेलावर केलेल्या चाचणीचे. शॉवरसाठी अनवाणी पायांची चाचणी बघा, डीआयएन 51097 हे जर्मन मानक, वर्ग B किंवा C. फार खरखरीत टाइलमध्ये साबणाचा मळ बसतो, हेही खरं. कोटा किंवा कडप्पा रफ फिनिशमध्ये पायाला छान लागतो, पण दोन्ही चुनखडीचे. अ‍ॅसिडवाला बाथरूम क्लीनर त्यांना खातो. बोअरचं पाणी असेल तर काळ्या कडप्प्यावर पांढरे डाग ठरलेलेच. टाइलच्या सांध्यांत सिमेंटऐवजी एपॉक्सी (रेझिनचं) ग्राउट भरा.

तेच अ‍ॅसिड स्टीलच्या जाळीलाही डागाळतं. जाळी 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची घ्या. दुकानदार लोहचुंबक लावून 'बघा, चिकटत नाही' म्हणतो, पण 202 या स्वस्त, हलक्या ग्रेडलाही तो सहसा चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून मागा.