ओहेअर विमानतळ ते शॅम्पेन-अर्बाना: बस, रेल्वे, विमान की गाडी?

युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉयला प्रवेश मिळाला, व्हिसा झाला, शिकागोचं तिकीट निघालं, की घरात शेवटच्या टप्प्याची चर्चा सुरू होते. बहुतेक वेळा ती "तिथे उतरल्यावर उबर करू" या वाक्यावर संपते. ती तिथे संपू नये. हे विद्यापीठ ज्या शॅम्पेन आणि अर्बाना या जोडगावांत आहे, ती शिकागोच्या ओहेअर विमानतळाच्या दक्षिणेला साधारण १५० मैलांवर, म्हणजे २४० किलोमीटरवर आहेत. मुंबईहून सातारा जेवढं लांब, जवळपास तेवढं. रस्ता सपाट, घाट नाही, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. रस्ता मोकळा असला तर अडीच तास, शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर साडेतीनसुद्धा.

आधी निकाल सांगायचा तर असा: पहिल्यांदा जाताना, दोन मोठ्या बॅगा बरोबर असताना, विमानतळावरून थेट कॅम्पसवर जाणारी बस घ्या. तिथे रुळलात आणि पाठीवर एखादीच सॅक असली की रेल्वे छान. शॅम्पेनपर्यंतचं विमान, भारतातून एकाच तिकिटावर मिळत असेल तरच. उबर आणि भाड्याची गाडी पहिल्या दिवशी नकोच.

आता कारणं. भारतातून किंवा आखातातून येणारी विमानं ओहेअरला टर्मिनल ५ वर लागतात. विमानाची चाकं टेकली म्हणजे आपण पोचलो असं धरून बस पकडायला जाऊ नका. विमान गेटला लागणं, इमिग्रेशनची रांग, पट्ट्यावर बॅगा येणं आणि मग कस्टम्स, एवढं सगळं पार पडायला ऑगस्टच्या मधल्या आठवड्यांत दोन-अडीच तास सहज जातात, कारण त्याच दिवसांत सगळ्या देशांचे विद्यार्थी येत असतात. पासपोर्ट, आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला कागद) आणि फीचे कागद हातातल्या बॅगेत असावेत. विमानाच्या पोटात गेलेल्या बॅगेत आय-२० असला तर खिडकीशी पंचाईत होते. गोडा मसाला, मेतकूट, बंद पाकिटातलं लोणचं चालतं. कढीपत्ता, ताजी फळं आणि मांस मात्र चालत नाही. अधिकाऱ्याने विचारलं की खाण्याचे पदार्थ आहेत असं सरळ सांगावं. त्यांनी बॅग उघडायला दुसऱ्या रांगेत पाठवलं तर अर्धा तास आणखी धरा.

म्हणून बसचं तिकीट काढताना विमान उतरण्याच्या वेळेत तीन तास मिळवा आणि त्यानंतरची बस निवडा. दीड तासाने सुटणारी बस पाहून "तेवढा वेळ पुरेल" असं वाटतं आणि तिथेच घोळ होतो. याला एक अपवाद आहे. अबू धाबीहून एतिहादने किंवा डब्लिनहून एअर लिंगसने येणाऱ्यांचं अमेरिकन इमिग्रेशन तिकडेच उरकतं आणि शिकागोत ते देशांतर्गत प्रवाशांसारखे बाहेर पडतात. त्यांना दीड तास पुरतो. न्यूयॉर्क, नेवार्क वगैरे ठिकाणी इमिग्रेशन करून आतल्या विमानाने शिकागोत येणाऱ्यांनाही तेवढंच. पण ते बहुतेकदा टर्मिनल १, २ किंवा ३ वर उतरतात आणि बसचा थांबा त्यांना वेगळा शोधावा लागतो.

थेट बस चालवणारी ठळक कंपनी म्हणजे पिओरिया चार्टर. ओहेअर आणि शिकागोच्या उपनगरांतून ती कॅम्पसवर येते. तिकीट ऑनलाइन काढावं लागतं आणि ते ठरावीक तारखेच्या ठरावीक बसचं असतं, आपल्याकडच्या एसटीसारखं "पुढच्या गाडीत बसतो" असं गृहीत धरता येत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी वाचून घ्या: विमान उशिरा आलं तर तिकीट बदलून मिळतं का आणि किती आधी कळवायचं, किती बॅगा फुकट, आणि थांबा नेमका कुठल्या टर्मिनलच्या कुठल्या दारापाशी. ओहेअर अवाढव्य आहे. टर्मिनल ५ बाकीच्या तिन्हींपासून वेगळं, लांब उभं आहे. चुकीच्या टर्मिनलवर उभे राहिलात तर एटीएस नावाच्या चालकाशिवायच्या फुकट छोट्या गाडीने दुसरीकडे जावं लागतं, आणि बॅगांसकट त्यात वीसेक मिनिटं जातात. बस तेवढी थांबत नाही.

या सेवेची जमेची बाजू म्हणजे सामान एकदाच उचलावं लागतं. चालक ते बसच्या पोटात ठेवतो आणि तुम्ही इलिनाय युनियनसारख्या कॅम्पसवरच्या थांब्यावर उतरता, तिथून बहुतेक वसतिगृहं हाकेच्या अंतरावर. उणी बाजू फेऱ्यांची. सत्र चालू असताना आणि सुट्ट्यांच्या तोंडावर बस भरपूर असतात, अधल्यामधल्या दिवसांत त्या कमी होतात. जुन्या लेखांत सबर्बन एक्सप्रेसचं नाव अजून सापडतं. ती कंपनी २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्या वेळापत्रकावर बेत आखू नका.

जानेवारीत येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बसचा थांबा दाराबाहेर असतो आणि शिकागोत तेव्हा पारा शून्याच्या खाली बराच उतरलेला असतो. जाड जॅकेट, टोपी आणि हातमोजे मोठ्या बॅगेत तळाशी भरू नका, हातात ठेवा. आत काचेशी उभं राहून बस दिसली की मगच बाहेर पडावं.

आता रेल्वे. ॲमट्रॅक या अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या प्रवासी रेल्वेच्या रोज तीन गाड्या शिकागोहून शॅम्पेनला येतात: सकाळी सलूकी, दुपारी चारच्या सुमारास इलिनाय आणि रात्री आठच्या सुमारास सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स. आधी काढलं तर तिकीट बऱ्याचदा बसपेक्षा स्वस्त पडतं, जागा ऐसपैस असते, पाय मोकळे करता येतात. दोन बॅगा, प्रत्येकी ५० पौंडांपर्यंत, बरोबर घेता येतात, म्हणजे विमानाच्या २३ किलोच्या दोन बॅगा वजनात बसतात. माप मात्र २८ × २२ × १४ इंचांचं आहे. भारतात मिळणारी सगळ्यात मोठी सूटकेस याहून उंच असते, तेव्हा टेप लावून बघा.

अडचण गाडीत नाही, गाडीपर्यंत पोचण्यात आहे. रेल्वे शिकागोच्या भर शहरातल्या युनियन स्टेशनवरून सुटते. टर्मिनल ५ वरून एटीएसने मधल्या टर्मिनलला या, तिथून भुयारी वाटेने ब्लू लाइनच्या स्टेशनात जा, मग पाऊण तास मेट्रोचा प्रवास करून क्लिंटनला उतरा. ब्लू लाइन चोवीस तास चालते, भाडं ओहेअरहून चढताना ५ डॉलरच्या आसपास, आणि टॅप होणारं बँक कार्ड फाटकाला थेट लावता येतं. इथवर उत्तम. पण ब्लू लाइनच्या क्लिंटन स्टेशनात लिफ्ट नाही. ४६ किलो सामान घेऊन जिने चढायचे आणि मग दोन-तीन चौक चालायचं, वीस तासांच्या प्रवासानंतर. दोन सशक्त मित्र बरोबर असतील तर जमेल, एकट्याने करू नये. त्याऐवजी आधीच्या जॅक्सन स्टेशनला उतरलात तर तिथे लिफ्ट आहे, मात्र पुढे नदी ओलांडून युनियन स्टेशनपर्यंतची चाल वाढते. रेल्वेच हवी असेल तर ओहेअरहून स्टेशनपर्यंत टॅक्सी घ्यावी, पण मग स्वस्ताईचा मुद्दा बराचसा निकालात निघतो. विमानतळाजवळ मेट्रा या उपनगरी रेल्वेचंही स्टेशन आहे आणि ती गाडी युनियन स्टेशनलाच जाते. ऐकायला हे सोयीचं वाटतं, पण त्या मार्गावर गाड्या मोजक्याच आणि शनिवार-रविवारी नाहीतच.

रेल्वेच्या उशिराबद्दल खूप बोललं जातं, त्यामागचं कारण नीट कळलं तर ती वापरता येते. रूळ ॲमट्रॅकचे नाहीत, कॅनेडियन नॅशनल या मालवाहू कंपनीचे आहेत. मैलभर लांबीची मालगाडी पुढे असली की प्रवासी गाडी तिष्ठत राहते. शिवाय या मार्गावर डबे कमी असले तर सिग्नल यंत्रणेला गाडी नीट जाणवत नाही, म्हणून गरजेपेक्षा जास्त डबे जोडावे लागले आहेत. शिकागोतल्या रुळांच्या रचनेमुळे गाडी मध्येच थांबून काही अंतर उलटी चालते. नव्या माणसाला गाडी परत निघाली असं वाटतं, पण तो नेहमीचा भाग आहे. यातली खरी मेख दिशेची. शिकागोहून येताना तिन्ही गाड्या तिथूनच सुरू होतात, त्यामुळे निघतात सहसा वेळेवर. उलट शॅम्पेनहून शिकागोला जाताना पहाटेची सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स आठशेच्या आसपास मैल कापून आलेली असते आणि तिचा उशीर कधी कधी तासांमध्ये असतो. भारतात परतताना तिच्या भरवशावर सकाळचं किंवा दुपारचं विमान ठेवू नये. रात्रीचं विमान असेल तर सकाळी दहाच्या सुमारास येणारी सलूकी चालते, दिवसभराचा अवकाश हाताशी राहतो.

शॅम्पेनला स्वतःचा विमानतळ आहे, विलार्ड, कॅम्पसपासून पाच-सहा मैलांवर. ओहेअरहून अमेरिकन एअरलाइन्सचं छोटं विमान तिथे पाऊण-एक तासात येतं. वेगळं तिकीट काढलंत तर बॅगांचे पैसे निराळे लागतात, आणि इमिग्रेशनमध्ये उशीर होऊन विमान चुकलं तर नुकसान तुमचं. कतार एअरवेजसारख्या कंपनीकडून थेट शॅम्पेनपर्यंतचं एकच तिकीट मिळालं तर गोष्ट बदलते: विमान चुकल्यावर पुढच्यात बसवणं ही त्यांची जबाबदारी होते. पण बॅगांवर शॅम्पेनचा टॅग असला तरी टर्मिनल ५ ला त्या पट्ट्यावरून उचलून कस्टम्समधून न्याव्या लागतात आणि बाहेर पडताच पुन्हा जमा कराव्या लागतात. "थेट जातील" समजून अनेकजण त्या तशाच सोडून येतात आणि मग चार दिवस एका कपड्यावर काढतात. त्यानंतर एटीएसने टर्मिनल ३ गाठायचं आणि सुरक्षा तपासणी पुन्हा करायची. दोन विमानांत चार तासांचं अंतर ठेवा.

उबर किंवा लिफ्ट (Lyft) या ॲपवरच्या टॅक्सींचं भाडं दोनशे डॉलरच्या पुढेच जातं, त्यावर टिप. चालकाला परत रिकामं यावं लागत असल्यामुळे ठिकाण बघून तो फेरी नाकारतो, कधी पाच-दहा मिनिटं वाट बघायला लावून. चौघांनी मिळून केली तर परवडेल हा हिशेब माणसांचा असतो, बॅगांचा नसतो. साध्या सेडानच्या डिकीत दोन मोठ्या आणि एक छोटी बॅग मावते. चौघांच्या आठ बॅगा मोठ्या सहा आसनी गाडीतही बसत नाहीत. आधी ठरवलेली खासगी व्हॅन घ्यायची तर टोल आणि टिप धरून आकडा लेखी घ्या आणि अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवू नका.

भाड्याची गाडी पहिल्या दिवशी नको याचं कारण झोप. रात्रभर जागून, रस्त्याच्या उजव्या बाजूने, ताशी ११० किलोमीटरने जाणाऱ्या ट्रकांच्या मध्ये पहिलाच धडा घेणं धोक्याचं आहे. पंचविशीच्या आतल्यांना रोजचा जादा आकारही पडतो. पालक मुलांना सोडायला आले असतील तर एक रात्र विमानतळाजवळच्या रोझमाँटमध्ये काढून सकाळी निघावं. आय-२९४ या महामार्गावर टोल आहे, रोख घेत नाहीत; गाडी देणाऱ्या कंपनीची टोलची सोय काय आहे ते काउंटरवरच विचारा. शॅम्पेनकडे जाणाऱ्या आय-५७ महामार्गाला लागलात की पुढे टोल नाही.

विमान संध्याकाळी सातनंतर उतरत असेल तरीही रोझमाँटच बरं. त्या वेळी बाहेर पडून शेवटची बस गाठायची धडपड करण्यापेक्षा शटल देणारं हॉटेल आधी ठरवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारची बस घ्या. यात खोलीच्या किल्लीचाही फायदा आहे, आणि हे फार कमी जण धरून चालतात. खासगी अपार्टमेंटचा करार ऑगस्टमधल्या ठरलेल्या तारखेला सुरू होतो आणि किल्ली ऑफिसच्या वेळातच मिळते, साधारण पाचपर्यंत. शनिवारी रात्री दहाला दोन बॅगा घेऊन बंद ऑफिससमोर उभं राहण्यात अर्थ नाही. बसची वेळ निवडण्याआधी लीझिंग ऑफिसला (अपार्टमेंट भाड्याने देणाऱ्या ऑफिसला) ईमेल करून किल्लीची वेळ विचारा, आणि उशीर झाला तर किल्ली कुठे ठेवतील तेही.

रेल्वेने आलात तर उतरायचं ठिकाण इलिनॉय टर्मिनल, शॅम्पेन गावात. तिथूनच एमटीडीच्या शहर बस सुटतात. विद्यापीठाचं आय-कार्ड मिळाल्यावर त्या फुकट. तोवर एक डॉलरची सुटी नोट खिशात ठेवा, चालक मोड देत नाही.