परवानाधारक प्लंबरची नळजोडणी: कारागिरी चार तारे, परवाना पद्धत दोन

मराठवाड्यात बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून अर्ध्या इंची जोडणीत सॅडल (मुख्य लाइनला आवळून बसवायचा पट्टा) आणि फेरूल (त्यातून घराकडे पाणी घेणारी तोटी) हेच मर्म. सॅडलचं रबर वाकडं बसलं की झिरप सुरू होते आणि पुरवठा बंद असताना रिकाम्या लाइनमध्ये तिथूनच गटाराचं पाणी ओढलं जातं. परवाना पाहून माणूस बोलवावा तो यासाठी.

घरातल्या सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणारं प्लास्टिक) पाइपवर आयएस १५७७८ या भारतीय मानकाची छाप हवीच. चांगला कारागीर पाइप काटकोनात कापतो, कडेची कुसळं काढतो, सॉल्व्हंट (सांधा चिकटवणारा द्राव) दोन्हीकडे लावतो, पाव वळसा देऊन सांधा ३० सेकंद धरून ठेवतो. मे महिन्यात हे सावलीतच करावं, उन्हात सॉल्व्हंट आधीच सुकतं. भिंत बुजवण्यापूर्वी कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाची चाचणी मात्र मागितल्याशिवाय सहसा होत नाही. कारागिरीचे तारे इथेच कापले.

सही परवानाधारकाची आणि काम पोऱ्याचं, हे थांबायला हवं. पण त्यासाठी परवाना पद्धतच मोडून चालणार नाही. अमेरिकेत टेक्सासचं प्लंबर परवाना मंडळ २०१९ मध्ये विधिमंडळाकडून मुदतवाढ न मिळाल्याने बंद होणार होतं. राज्यपालांनी आदेश काढून ते तगवलं. आपल्याकडचे नियम जरूर बदला, पण नव्या नियमात सांधा जोडून दाखवण्याची परीक्षा आणि दाबचाचणीची लेखी नोंद असावी. तोवर गेजवरचा (दाबमापकावरचा) आकडा स्वतः पाहूनच शेवटचे पैसे द्या.