पंप बरा, पण पॅकिंगनं छळलं

नारायणगावला टोमॅटोचे क्रेट उतरवून येताना पिकअपचा टेंपरेचर काटा वर चढला. बॉनेट उघडलं तर वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून हिरवा कूलंट ठिबकत होता. म्हणजे आतलं सील गेलं. इंजिन बंद करून फॅन हलवला तर शाफ्टही खुळखुळत होता.

गॅरेजवाला म्हणाला दोन दिवस थांबा. ऐन तोड्यात कुठलं थांबणं! २,१०० रुपयांचा पंप आणला आणि अंगणातच बसवला. ओतकाम स्वच्छ, बेअरिंग गच्च, भोकं जुन्याशी तंतोतंत जुळली. सोबतचं पॅकिंग, म्हणजे सांध्यातून गळू नये म्हणून पंप आणि इंजिनच्या मध्ये बसवायची चकती (गॅस्केट), मात्र पापडासारखं, बोल्ट आवळताच कडेला फाटलं. परत दुकान गाठून ६० रुपयांचं जाड आणलं.

बोल्ट लांब-आखूड असतात, म्हणून पुठ्ठ्यात भोकं पाडून त्याच क्रमानं खोचून ठेवले. जुनं पॅकिंग ब्लेडनं खरवडण्यातच तास गेला, तोवर पोरगा टॉर्च धरून डुलक्या घेत होता. कूलंट भरून, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून, आतल्या हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवलं.

त्यानंतर माळशेज घाटातून कल्याणला भरलेल्या तीन खेपा झाल्या, काटा मध्यावरच. पंपाला पाचपैकी चार तारे. एक त्या पॅकिंगपायी कापला.