घोडबंदर रोडवरचं ‘दमा-हृदय’ पॅकेज: मानेची तपासणी चोख, बाकीचा क्रम उलटा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका डायग्नोस्टिक सेंटरने दमेकऱ्यांसाठी वेगळं पॅकेज काढलंय. त्यात लिपिड प्रोफाइल, एचएस-सीआरपी (रक्तातल्या सुजेची खूण), एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), ईसीजी, स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची ताकद मोजणं) आणि कॅरोटिड डॉपलर (मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) येतं. दमा छातीत आणि डॉपलर मानेचं, हे बघून कुणालाही बिल फुगवल्याची शंका येईल. पण इथे तसं नाही.

अमेरिकेतल्या ‘मेसा’ या हृदयविकारावरच्या अभ्यासातल्या ५,०२९ जणांच्या मानेच्या रक्तवाहिन्यांची माहिती २०२२ मध्ये छापून आली. रोज औषध लागणारा दमा असलेल्यांपैकी ६७ टक्क्यांना प्लाक (रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेला चरबीचा थर) होता, दमा नसलेल्यांत ५० टक्क्यांच्या आसपास. अधूनमधून दम लागणाऱ्यांत मात्र जवळपास दमा नसलेल्यांइतकाच. श्वासनलिकेतली सूज तिथल्या तिथे राहत नाही. आयएल-६ सारखी सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात उतरतात, यकृत सीआरपी वाढवतं, रक्तवाहिनीचं अस्तर चिकट होतं, आणि पांढऱ्या पेशी व एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) त्यात घुसून थर धरतात. अर्थात त्या अभ्यासात रोजच्या औषधावरचे दमेकरी फक्त १०९ होते, आणि अशा पाहणीतून दम्यामुळेच प्लाक झाला असं ठरत नाही. तेव्हा पंप फक्त पावसाळ्यात बाहेर निघत असेल तर डॉपलरवर पैसे घालवू नका. प्रिव्हेंटर (दमा ताब्यात ठेवणारा पंप) रोजचा आहे, चाळिशी उलटलीय आणि जोडीला बीपी, साखर किंवा तंबाखू आहे, अशांनी डॉक्टरांना विचारून जरूर करावं.

डॉपलर इथे खरंच चांगलं होतं. रिपोर्टमध्ये नुसतं ‘नॉर्मल’ लिहून बोळवण नाही. दोन्ही बाजू वेगळ्या, प्लाक कुठे, किती जाड, मऊ की कॅल्शियम धरलेला, रक्तप्रवाहाचा वेग किती, सगळं असतं. एखाद्या जागी भिंतीची जाडी दीड मिलिमीटरच्या वर गेली तर तो प्लाक धरतात. नुसती आयएमटी (भिंतीच्या आतल्या थरांची जाडी) थोडी जास्त आली म्हणून घाबरायचं कारण नाही. प्रोब जरा तिरका धरला तरी तो आकडा हलतो.

गोंधळ आहे तो क्रमाचा. रक्त घेतल्यावर लगेच स्पायरोमेट्री, त्यात श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या सल्ब्युटामॉलचे चार पफ, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकणं, आणि तिथून थेट ईसीजी. सल्ब्युटामॉलने नाडी पळते, हात थरथरतात, मग रिपोर्टवर ‘सायनस टॅकीकार्डिया’ (जलद नाडी) येतो आणि घरचे हवालदिल. ईसीजी आणि बीपी आधी, स्पायरोमेट्री शेवटी, एवढंच तर करायचंय. काउंटरवर सांगितलं की क्रम बदलून देतात, पण सांगावं लागतं.

आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये उपाशी राहा एवढंच असतं, पंपाचा उल्लेखच नाही. सकाळी पंप घेऊन गेलात तर औषधाने किती फरक पडतो ते नीट कळत नाही. दम्याचं निदान पक्कं करायचं असेल तर सल्ब्युटामॉल चार ते सहा तास आणि दिवसातून दोनदा घ्यायचा लांब पल्ल्याचा पंप २४ तास थांबवतात, तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच. दमा किती ताब्यात आहे एवढंच बघायचं तर औषध चालूच ठेवायचं. फुंकून घेणारी टेक्निशियन मात्र पक्की आहे. ‘अजून, अजून, सोडू नका’ म्हणत सहा सेकंद फुंकायला लावते आणि तीन चांगले प्रयत्न मिळाल्याशिवाय उठू देत नाही.

एचएस-सीआरपीचा आकडा सर्दी-खोकल्यात काढला तर फुकट जातो. १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० ओलांडला तर कुठला तरी संसर्ग किंवा सूज असेल असं धरायचं आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढायचा. इथे ताप-खोकला आहे का, हे रक्त घेताना कुणी विचारत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, हेही नाही. त्या गोळ्यांनी साखर चढते, म्हणजे एचबीए१सी वाचताना तो संदर्भ हवाच.

सगळ्यात खटकतं ते सोबतचं छापील सल्लापत्र. प्लाक दिसला की सरसकट अ‍ॅस्पिरिन आणि बीटा ब्लॉकरचा (नाडी-बीपी उतरवणाऱ्या औषधांचा) उल्लेख. काही दमेकऱ्यांना अ‍ॅस्पिरिननेच अटॅक येतो, आणि प्रोप्रानोलॉलसारखं बीटा ब्लॉकर श्वासनलिका आवळतं. ते पान बाजूला ठेवा. स्पायरोमेट्रीचे आलेख आणि डॉपलरचा रिपोर्ट घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा, आणि वेदनाशामक गोळीने कधी दम लागला असेल तर ते आधी सांगा.